बारा दुखण्यांची गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, गाडीचं इंजिन एके दिवशी जाम झालं तर मालकाला वाईट वाटतं, पण निर्णय घेणं अवघड जात नाही. मिस्त्री एक आकडा सांगतो, तो परवडतो की नाही ते आपण पाहतो आणि हो किंवा नाही म्हणतो. खरी पंचाईत असते ती चालत्या गाडीची. सकाळी सेल्फ कुरकुरतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला गाडी सुरू होते. ब्रेक लागतो, पण घासल्यासारखा आवाज येतो. मागची एक काच वर चढत नाही. रेडिएटरमध्ये आठवड्याला तांब्याभर पाणी घालावं लागतं. रात्री उभी केलेली गाडी सकाळी काढली की खाली तेलाचे चार थेंब दिसतात. यातली एकही तक्रार गाडी थांबवत नाही आणि एकही तक्रार आपण होऊन जात नाही.

अशा गाडीचा मालक गॅरेजात गेला की एकच प्रश्न विचारतो, "सगळं करायला किती लागतील?" मिस्त्री मान तिरकी करून म्हणतो, "बघू, खोलल्यावर कळेल." दोघांपैकी कोणीही लबाड नसतं. प्रश्नच असा असतो की त्याला प्रामाणिक उत्तर देता येत नाही. म्हणून आज बोलायचं आहे ते एवढ्याच गोष्टीवर, की बारीकसारीक दुखण्यांनी भरलेल्या जुन्या गाडीच्या खर्चाचा अंदाज बांधायचा कसा.

'अंदाज' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'दुरुस्ती'ही तिकडचीच. 'मिस्त्री' मात्र पोर्तुगीजांच्या बोलीतून आला आणि इथलाच झाला. उर्दूत अंदाज म्हणजे ढब, रीत असाही अर्थ होतो. गाडीच्या बाबतीत मला हा दुसरा अर्थ जास्त कामाचा वाटतो. आकडा शेवटी येतो, त्याआधी बघण्याची रीत लागते.

हा विषय चैनीचा नाही. आमचं अर्धापूर नागपूर-तुळजापूर महामार्गावरचं गाव. केळी, हळद, ऊस पिकवणारा हा भाग. मोठा दवाखाना, कोर्टकचेरी, मोठं कॉलेज, सगळं नांदेडला. रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखू लागलं तर १०८ ला फोन करतात. ती रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटकडे गेलेली असली, तर विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयाकडे गल्लीतलीच एखादी जुनी गाडी धावते. ती गाडी सुरू होईल का आणि ब्रेक लागेल का, हे दोन प्रश्न त्या रात्री पैशाचे राहत नाहीत. आणि त्यांची उत्तरं सहा महिने आधीच, गॅरेजच्या बाकड्यावर ठरलेली असतात.

यादी आधी, आकडा नंतर

पहिलं काम म्हणजे वही आणि पेन. तक्रारी लिहून काढायच्या, पण सुटे भाग लिहायचे नाहीत, लक्षणं लिहायची. "बॅटरी बदलायची आहे" हे निदान झालं. "सकाळी सेल्फ मंद फिरतो, दुपारी ठीक फिरतो" हे लक्षण झालं. डॉक्टरकडे जाऊन आपण आधीच "मला अमुक इंजेक्शन द्या" म्हणालो तर तो तपासणार काय? गॅरेजचंही तसंच आहे. आपण भाग सांगितला की मिस्त्री भाग बदलतो. लक्षण सांगितलं की तो कारण शोधतो.

प्रत्येक लक्षणापुढे तीन गोष्टी टिपाव्यात. कधी होतं, म्हणजे इंजिन थंड असताना की तापल्यावर. कुठे होतं, म्हणजे पुढे की मागे, डावीकडे की उजवीकडे. आणि काय केल्यावर होतं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर, वळण घेताना की खड्ड्यात गेल्यावर.

गळतीसाठी एक सोपी युक्ती आहे. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरावा. सकाळी काळपट-तपकिरी डाग दिसला तर तो इंजिन ऑईलचा. हिरवट किंवा लालसर पाणी दिसलं तर ते रेडिएटरचं कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, पातळ, बुळबुळीत ओल दिसली तर ते ब्रेक ऑईल असू शकतं. तसं असेल तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये. एसी लावून आलेल्या गाडीखाली नुसतं स्वच्छ पाणी ठिबकत असेल, तर ती तक्रारच नव्हे.

टायरवर कारखान्याचे चार आकडे एका लंबगोलात असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आलं, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. तिथे टायरचं आयुष्य संपलं, मग तो वरून कितीही गुळगुळीत आणि छान दिसो.

तक्रारी पुष्कळ, कारणं थोडी

यादी झाली की ती वरपासून खालपर्यंत बेरीज करायला घेऊ नये. बहुतेक माणसं इथेच फसतात. बारा तक्रारी म्हणजे बारा बिघाड नसतात. जुन्या गाडीत एकाच कारणाला चार-चार फांद्या फुटलेल्या असतात.

विजेचंच बघा. सेल्फ मंद, दिवे मिणमिणते, वायपर ओढत ओढत चालतो. ही तीन वेगवेगळी दुखणी वाटतात आणि बॅटरी, डायनामा, वायपरची मोटर असा मोठा खर्च डोळ्यांसमोर येतो. पण पुष्कळदा बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा मळ साचलेला असतो, किंवा बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची वायर गंजून सैल झालेली असते. साफसफाई आणि एक नवी वायर यावर भागतं. हे तपासायला मीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी असताना चांगल्या बॅटरीचा दाब साधारण १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना तो १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसला, तर डायनामा काम करतो आहे. हे दोन आकडे ठीक असतील, तर नवी बॅटरी घेण्याआधी वायरींकडे बघावं.

दुसरी जोडी चाकांची. पुढून खडखड येते, गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एकाच कडेने झिजतो. या तिन्हींचं मूळ बहुधा सस्पेन्शनच्या झिजलेल्या रबरी बुशात किंवा बॉल जॉइंटमध्ये असतं. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवे टायर घालून मग बुश बदलले, तर नवे टायरही तसेच झिजतात. आधी बुश, मग टायर, शेवटी अलाइनमेंट.

तिसरी गोष्ट इंजिन माउंटिंगची. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं ते फाटले की गिअरचा दांडा थरथरतो, गाडी उभी असताना सगळं अंग हलतं आणि सायलेन्सरचा जोड पुन्हा पुन्हा तुटतो. माणूस वर्षभर सायलेन्सरला वेल्डिंग करत राहतो आणि माउंटिंगकडे कोणी बघत नाही. तसंच तेलाचं. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी तुंबली की आत दाब वाढतो आणि चार ठिकाणच्या सीलमधून तेल बाहेर येऊ लागतं. सील बदलून गळती थांबत नाही, नळी साफ केल्यावर थांबते.

याच्या उलट बाजूही लक्षात ठेवावी. काही कामांत भाग स्वस्त असतो आणि तिथपर्यंत पोहोचण्याची मजुरी महाग असते. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. इंजिनचं मागचं ऑईल सील त्याच्याच आड असतं. क्लच आज आणि सील सहा महिन्यांनी केलं, तर उतरवण्या-चढवण्याची मजुरी दोनदा जाते. म्हणून मिस्त्रीला एक प्रश्न जरूर विचारावा, "हे खोलल्यावर आणखी काय काय हाताशी येतं?" या एका प्रश्नाने जेवढे पैसे वाचतात, तेवढे घासाघीस करून वाचत नाहीत.

तीन रकाने

कारणं एकत्र बांधली की वहीत तीन रकाने आखावेत.

पहिला रकाना जिवाचा. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, पुढचे-मागचे दिवे. यात परवडण्या-न परवडण्याचा प्रश्नच नाही. हे जमत नसेल तर गाडी उभी ठेवायची. ब्रेक ऑईलबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून इथे सांगतो. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑईल २०५ अंश सेल्सिअसच्या पुढे उकळतं, पण ओल शोषलेल्या ऑईलची ही हद्द १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात सतत ब्रेक दाबून ते उकळलं, तर नळीत वाफ होते आणि पायडल खाली जातं. ऑईल बदलायचा खर्च मात्र किरकोळ असतो.

दुसरा रकाना वाढणाऱ्या दुखण्यांचा. आज शंभरात भागेल, उद्या हजारात जाईल अशी ही कामं. मराठवाड्यातला मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा बेचाळीसच्या पुढे, गाडीत पाच माणसं आणि रेडिएटरच्या नळीची एक क्लिप सैल. क्लिप किरकोळ किमतीची असते. पण पाणी संपून इंजिन तापलं की हेड वाकतं, गॅस्केट जळतं आणि खर्च थेट हजारांच्या घरात जातो. रेडिएटरच्या झाकणाचंही तेच. ते आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की ही राखण संपते. टायमिंग बेल्ट याच रकान्यात येतो, कारण काही इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. दाराखालचा गंजही इथलाच, कारण एका पावसाळ्यात तो दुप्पट होतो.

तिसरा रकाना मनाचा. एसी, रंग, सीटचे कव्हर, बंपरवरचा ओरखडा. यांनी त्रास होतो, लाजही वाटते, पण ही कामं थांबू शकतात. गंमत अशी की आपण खर्च बहुतेक इथूनच सुरू करतो, कारण शेजाऱ्याला रंग दिसतो, ब्रेकचा लायनर दिसत नाही.

एक उदाहरण मांडून बघू

समजा, एका गुरुजींकडे २०१० सालची ऑल्टो आहे. पासिंग एम.एच. २६, म्हणजे नांदेडचं. आहे त्या स्थितीत तिला ऐंशी हजार रुपये येतील असं धरू. पुढचे सगळे आकडे रीत समजावी म्हणून घेतले आहेत. भाव गावागणिक आणि दुकानागणिक बदलतात.

तक्रारी बारा. सेल्फ, दिवे, वायपर, ब्रेक, पुढची खडखड, झिजलेले टायर, कमी होणारं पाणी, तेलाची गळती, उंचावर सुटणारा क्लच, न चढणारी काच, थंड न करणारा एसी आणि दारांचा गंज. ओळीने भाव काढला तर बॅटरी, डायनामा आणि वायपरची मोटर मिळून ९,०००, ब्रेक ४,०००, सस्पेन्शन ५,०००, चार टायर १२,०००, रेडिएटर ३,५००, तेलगळती ३,०००, क्लच ५,५००, काच ९००, एसी ६,००० आणि गंज-रंग १०,०००. बेरीज ५८,९०० रुपये. ऐंशी हजारांच्या गाडीला एकोणसाठ हजार! गुरुजी म्हणतील, "मिस्त्री, भंगारात घाला."

आता तीच यादी आपल्या रीतीने लावू. मीटर लावला, बॅटरी आणि डायनामा ठीक निघाले. टर्मिनल आणि अर्थिंगच्या वायरीचे ५००. ब्रेकचे ४,००० आणि सस्पेन्शनचे ५,००० तसेच राहिले, तिथे काटकसर नाही. टायर पुढचे दोनच संपलेले, अलाइनमेंट धरून ६,५००. रेडिएटर दाब देऊन तपासला तर नळी आणि झाकण निघालं, ६००. तेल वरच्या कव्हरच्या गॅस्केटमधून येत होतं, ६००. पावसाळा तोंडावर म्हणून काचेचे ९००. दाराखालचा कुजलेला पत्रा कापून नवा बसवायचे २,५००, पूर्ण रंग नंतर. बेरीज झाली २०,६००.

यात जवळपास चौथा हिस्सा वर ठेवावा, कारण जुन्या गाडीचा गंजलेला बोल्ट सुटत नाही, तुटतो. म्हणजे हातात २६,००० हवेत. वर्ष-दीड वर्षात क्लचचे ५,५०० आणि मागच्या दोन टायरचे ६,००० लागतील, ते वेगळे लिहून ठेवायचे. एकूण ३७,५००. एसी आणि रंग तिसऱ्या रकान्यात, जमेल तेव्हा.

दर वेळी निकाल असाच गोड लागेल असं नाही. मीटरवर बॅटरी खरंच संपलेली निघू शकते, रेडिएटर खरंच फुटलेला असू शकतो. पण तेव्हाही पैसे कशावर गेले आणि का गेले, हे आपल्याला माहीत असतं.

तुलना कशाशी करायची?

गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त नको, असं सगळे सांगतात. विमा कंपन्यांचाही असा एक नियम आहे. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या ७५ टक्क्यांहून जास्त झाला, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. आपल्या उदाहरणात ऐंशी हजारांचे ७५ टक्के म्हणजे साठ हजार. पहिला अंदाज त्याला जवळजवळ टेकला होता. पण हा नियम अपघाताच्या भरपाईसाठी आहे. झिजेचा खर्च विमा देतच नाही, त्यामुळे इथे तो मोजमापाला पुरत नाही. आणखी एक खरं सांगायला हवं. सव्वीस हजार घातले म्हणून ऐंशी हजारांची गाडी एक लाख सहा हजारांना विकली जात नाही. तो पैसा विक्रीत परत येत नाही, वापरात येतो.

म्हणून तुलना पुढच्या दोन वर्षांच्या प्रवासाशी करावी. ३७,५०० मध्ये नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर मिळवून साधारण ४६,००० धरू. चोवीस महिन्यांत महिन्याला एकोणीसशे रुपये झाले. आता दुसरी गाडी घ्यायची तर, समजा, चार लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत. हप्ता सुमारे ८,४०० रुपये. त्याच्या शेजारी तिसरा पर्याय लिहावा. महिन्यात चारदाच बाहेर जाणं असेल, तर काळी-पिवळी, एस.टी. आणि अडीअडचणीला भाड्याची गाडी यांचा खर्च किती? हे तीन आकडे एका ओळीत आले की घरात भांडण न होता निर्णय होतो.

जी गाडी पोट भरते, तिच्या हिशोबात आणखी एक आकडा घालावा लागतो. केळीचा माल नेणारी पिकअप चार दिवस गॅरेजात उभी राहिली, तर त्या चार दिवसांचं बुडालेलं भाडंही दुरुस्तीचाच खर्च. म्हणून अशा गाडीची कामं हंगाम नसताना एकत्र काढावीत.

सुटे भाग आणि कायदा

गाडी टिकेल की नाही हे कधी कधी गाडीवर नसतं, बाजारावर आणि कायद्यावर असतं. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आठवा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही गाडी, उत्पादन थांबल्यावरही कितीतरी वर्षं टॅक्सीवाल्यांनी आणि मिस्त्र्यांनी चालती ठेवली. ती रस्त्यावरून गेली ती वयोमर्यादेमुळे. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची हद्द आहे आणि २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या हद्दीला पोहोचली.

दुसरीकडे मारुती ८०० बघा. डिसेंबर १९८३ मध्ये आली, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. देशात पंचवीस लाखांहून जास्त विकल्या गेल्या आणि तिच्याच घराण्यातलं इंजिन ओम्नी आणि ऑल्टोतही होतं. म्हणून तिचा भाग आजही लहान गावात मिळतो आणि तिचं इंजिन डोळे मिटून उघडणारा मिस्त्रीही मिळतो. जुनी गाडी ठेवावी की नाही हे ठरवताना तिचा भाग नांदेडच्या दुकानात मिळतो की दूरच्या शहरातून मागवावा लागतो, हे आधी विचारावं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर आर.टी.ओ.कडे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते आणखी वाढवण्यात आलं. म्हणून अंदाज काढण्याआधी आपल्या गाडीला लागू असलेला आकडा आर.टी.ओ.त विचारून घ्यावा. दिलासा एवढाच की २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जी.एस.टी. सरसकट १८ टक्के झाला. त्याआधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. जुनं कोटेशन हातात असेल तर ते पुन्हा मागावं.

मिस्त्रीशी बोलणी

मिस्त्री लेखी आकडा द्यायला कचरतो, त्यालाही कारण आहे. आकडा दिला की गिऱ्हाईक तोच धरून बसतं आणि तुटलेल्या बोल्टचे दोन तास त्याच्या खिशातून जातात. त्यासाठी साधा मार्ग आहे. तपासणीची मजुरी वेगळी द्यावी. "मिस्त्री, आज काही बदलू नका. फक्त बघा आणि लिहून द्या. बघण्याचे पैसे देतो." एवढं म्हटलं की त्याच्यावर भाग विकण्याची सक्ती राहत नाही आणि तो मोकळेपणाने खरं सांगतो. मोठ्या कामाला दुसऱ्या गॅरेजचंही मत घ्यावं.

मग प्रत्येक कामापुढे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. ठरल्यापेक्षा जास्त लागणार असेल तर हात लावण्याआधी फोन करावा, हे बोलून ठेवावं. काढलेले जुने भाग गाडीतच ठेवायला सांगावेत. पक्कं बिल घ्यावं. यात अविश्वास नाही. देण्याघेण्याचं आधी बोललेलं असलं की नंतर सलाम-नमस्कार टिकतो.

भाग कोणता घालायचा हेही आपणच ठरवावं. बाजारात तीन जाती असतात. कंपनीचा, लोकल आणि भंगारातला जुना. ब्रेक, स्टिअरिंग, बॉल जॉइंट, टायमिंग बेल्ट इथे कंपनीचा किंवा नावाजलेल्या बनावटीचा नवाच घ्यावा. दाराचं हँडल, आरसा, काच चढवण्याची यंत्रणा इथे जुना चालतो. तो तुटला तर चिडचिड होते, अपघात होत नाही.

हात कधी जोडायचे?

काही खुणा अशा असतात की त्या दिसल्यावर यादी मिटावी. चेसिस किंवा गाडीचा मूळ सांगाडा कुजलेला असणं. सायलेन्सरमधून सतत निळा धूर आणि इंजिनचं कॉम्प्रेशन बसलेलं असणं. रेडिएटरच्या पाण्यात तेल आणि तेलात पाणी दिसणं. तसंच पहिल्या रकान्यातलं काम भाग न मिळाल्यामुळे होतच नसणं. अशा गाडीवर रंग चढवून ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणं हा हिशोब नव्हे, तो दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

गाडी मोडायची ठरली तर नोंदणीकृत मोडणी केंद्रात द्यावी. स्वेच्छेने जुनी वाहनं मोडीत काढण्याचं केंद्राचं धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालं. अशा केंद्रात गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि नवी गाडी घेताना कर-सवलतीसाठी ते उपयोगी पडतं. गल्लीतल्या भंगारवाल्याला नुसती चावी देऊन टाकू नये. आर.टी.ओ.कडची नोंद रद्द होईपर्यंत गाडी कागदोपत्री आपलीच असते आणि तिचा गैरवापर झाला तर पोलीस आपल्या दारात येतात.

आणि गाडी ठेवायची ठरली, तर ती वही फेकू नका. एस.टी.ची बस बंद पडण्याची वाट न पाहता ठरावीक अंतरानंतर आगारात तपासली जाते. आपल्याला कार्यशाळा नाही, पण वही आहे. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक कामानंतर लिहा आणि वही गाडीच्या कप्प्यात ठेवा. दर सहा महिन्यांनी तीन रकाने पुन्हा आखा. पहिला रकाना कोरा असेल तर गाडी खुशाल बाहेर काढा. एसीचं पुढच्या वर्षी बघता येईल.